अभंगातून प्रार्थना करणारे रेव्हरंड टिळक

महाराष्ट्रात नुसते टिळक म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहतात ते लोकमान्य. पण त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच चित्पावन ब्राह्मण समाजात, लोकमान्यांनंतर पाच वर्षांनी आणखी एक टिळक जन्माला आले. त्यांनीही आपल्या काळातील समाजाला हादरा दिला. मात्र त्यांची वाट अगदी निराळी होती. शाळेच्या पुस्तकात 'केवढे हे क्रौर्य' ही कविता वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांपैकी अनेकांना तिचा कवी एका चर्चचा धर्मगुरू होता हे ठाऊक नसते. नारायण वामन टिळक हे त्यांचे नाव. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीत आणि पुढे अवघ्या मराठी ख्रिस्ती समाजात ते रेव्हरंड टिळक म्हणून ओळखले गेले.

६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणातील करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत, स्वभावाने तापट आणि करडे. आई जानकीबाई मात्र भक्तीच्या पदांत रमणारी. नारायणरावांच्या कवितेचे मूळ आईकडे होते. ती माऊली मुलगा लहान असतानाच गेली आणि घराशी बांधून ठेवणारा धागाच तुटला. घर सोडून मुलाने नाशिक गाठले. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृताचे अध्ययन झाले, काही काळ इंग्रजी शाळाही झाली. विद्या मिळाली, पण स्थैर्य मिळाले नाही. ते त्यांच्या स्वभावातच नव्हते.

नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांना दिली गेली, तेव्हा ती अवघी अकरा वर्षांची होती. सासरी ती लक्ष्मी झाली. वऱ्हाडी मंडळी पांगली आणि थोड्याच काळात नवरदेवही कुणाला न सांगता निघून गेले! पुढेही हा प्रकार अनेकदा घडला. कधी शिक्षक, कधी कीर्तनकार, कधी छापखान्यातील नोकर अशी त्यांची भ्रमंती चाले. वाणसामान आणण्यासाठी घरातले शेवटचे पैसे घेऊन बाहेर पडलेले टिळक एक सुरेख दौत घेऊन परतले, ही त्या संसारातली प्रसिद्ध हकिगत. कवीच्या भोळेपणाचे कौतुक म्हणून ती सांगितली जाते. त्या दिवशी चुलीपुढे कोण बसले होते, हेही वाचकाने लक्षात ठेवावे.

पुढे नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम मिळाले. टिळकांनी तेथे 'ऋषी' नावाचे नियतकालिकही चालवले. मात्र जातिभेद आणि मूर्तिपूजा या दोन गोष्टींविषयी त्यांचे मन साशंक झाले होते. देशाचा उत्कर्ष व्हायचा तर धर्माची नव्याने मांडणी झाली पाहिजे, असे त्यांना वाटू लागले होते, आणि ती आपणच करावी असाही विचार त्यांच्या डोक्यात घोळत होता.

याच सुमारास, १८९३ च्या आसपास, नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी त्यांची गाठ पडली. संस्कृत कवितेपासून निघालेले बोलणे धर्मावर आले. निरोप घेताना वॉर्डसाहेबांनी नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना तेव्हा ते हास्यास्पद वाटले. पण शब्द दिला होता म्हणून पुस्तक वाचायला घेतले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. ज्या प्रश्नांची उत्तरे ते वर्षानुवर्षे धुंडाळत होते, ती त्यांना त्या दोन-तीन पानांत सापडली. या शिकवणुकीने त्यांना पुरते जिंकले.

मग गुप्तपणे पत्रव्यवहार सुरू झाला. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मराठी मिशनचे १८४२ पासून चालत आलेले पत्र. त्याच्याशी आणि रेव्हरंड जस्टिन अ‍ॅबट यांच्याशी त्यांचा संबंध आला. हेच अ‍ॅबट पुढे मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून प्रसिद्धीस आले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून दीक्षा घेण्याचे त्यांनी टाळले. एतद्देशीय पाळक रेव्हरंड तुकाराम नथोजी यांच्याकडून ती घेतली. धर्म बदलला तरी देश बदलत नाही, ही त्यांची भूमिका पहिल्या दिवसापासून अशी उघड होती.

त्या निर्णयाची किंमत मात्र दुसऱ्याच कुणाला मोजावी लागली. लक्ष्मीबाईंना आधी कसलीच कल्पना नव्हती. पदरी चारेक वर्षांचा दत्तू. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि नातलगांच्या दृष्टीने मेल्यापेक्षा वाईट. बातमी कळल्यावर त्यांचे मन सैरभैर झाले, जीव देण्याचेही विचार आले. बहिणीच्या आधाराने त्यांनी पंढरपुरात दिवस काढले. ज्या घरात त्या वाढल्या तेथे सोवळ्याचा इतका अतिरेक होता की, वडील बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घेत. अशा घरातल्या मुलीचा नवरा ख्रिस्ती झाला होता!

सुमारे पाच वर्षे पती-पत्नी दूर राहिली. टिळक पत्रे पाठवीत, त्यांत कविताही असत. दत्तूला ते पळवून नेतील अशी धास्ती नातलगांना वाटे. पण धर्मांतराची सक्ती त्यांनी पत्नीवर कधी केली नाही, हे खुद्द लक्ष्मीबाईंनीच नोंदवले आहे. अखेर त्या मुलाला घेऊन नगर भागात आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. काही दिवस असे गेले. मग एकदा विचार करता करता त्यांच्या मनाने घेतले की जात ही देवाने केलेली नसून माणसाने केलेली आहे, आणि सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी जात सुटली आणि नंतर धर्म आला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. टिळकांच्या युक्तिवादापेक्षा त्यांच्या वाट पाहण्याचा यात मोठा वाटा असावा.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, हे अमेरिकन मराठी मिशनचे १८३१ पासूनचे ठाणे. भोवतालच्या वडाळा, राहुरी अशा गावांतून मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांतील बहुतेक लोक अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. डॉ. रॉबर्ट ह्यूम यांनी १८७८ साली येथे धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. टिळक या विद्यालयात शिकवू लागले. पंचक्रोशीतल्या गावांना पाळक पुरवणाऱ्या या संस्थेत एक चित्पावन पंडित महार-मांग कुटुंबांतील तरुणांना शिकवतो आहे, हे दृश्य त्या काळी सामान्य नव्हते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. एकोणिसावे शतक सरताना दुष्काळ पडला, पाठोपाठ प्लेगच्या साथी आल्या. मिशनच्या आवारात अनाथ मुलांची गर्दी झाली. टिळकांच्या घराचे दार तर कधी बंद नव्हतेच. कोण राहायला आले, कोण जेवून गेले, याचा हिशेब लक्ष्मीबाईंनाच ठेवावा लागे. प्लेगमध्ये आजारी मुलींची शुश्रूषा करायलाही त्या मागे राहिल्या नाहीत.

टिळकांची खरी सेवा मात्र दिसते ती चर्चमधील गायनात. त्या वेळी उपासनेत गायली जाणारी बरीच गीते इंग्रजीवरून मराठीत आणलेली असत, चालीही विलायती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या आधीच्या रचनाकारांनी देशी वळणाची पदे लिहिली होती, नाही असे नाही. पण शेतावरून थेट चर्चमध्ये येणाऱ्या माणसाच्या तोंडी सहज बसेल, त्याच्या बापजाद्यांच्या भजनाशी नाते सांगेल, अशी गीते विपुल प्रमाणात दिली ती टिळकांनी. अभंग, ओवी, पद हे त्यांचे साचे. ज्ञानोबा-तुकोबांचा अभ्यास त्यांनी धर्मांतरानंतर टाकून दिला नाही. उलट, तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. वारकरी विठ्ठलाला माऊली म्हणतो. टिळकांनी तीच हाक ख्रिस्ताला घातली. चर्चमध्ये त्यांनी कीर्तन आणले, टाळ-मृदंग आणले. लक्ष्मीबाईही कीर्तन करू लागल्या. मराठी चर्चच्या गीतपुस्तकात टिळकांची दोनशेहून अधिक गीते समाविष्ट झाली. एकाच कवीने एखाद्या मंडळीला इतकी भाषा पुरवल्याचे उदाहरण मराठीत तरी दुसरे नसावे.

हे सगळ्यांनाच रुचले असे नव्हे. हिंदूंची पूर्वीची भक्ती पुन्हा आत येते आहे काय, अशी शंका काही ख्रिस्ती लोकांना येई. हिंदू समाजातील अनेकांना त्यांच्या वेषांतरित अभंगांत कावा दिसे. दोन्ही बाजूंना न पटणारा माणूस एकटा पडतो, तसे टिळकांचे काही अंशी झाले. पण साहित्याच्या अंगणात त्यांना धर्म आडवा आला नाही. 'सुशीला', 'वनवासी फूल', 'बापाचे अश्रू' या त्यांच्या कविता सर्व थरांतील रसिकांनी आपल्या मानल्या. १९०७ मध्ये जळगावला भरलेल्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलाने कविता म्हटली आणि तो बालकवी झाला. त्या मुलाला टिळकांनी नगरला आपल्या घरी नेले, मुलासारखे वागवले. ब्राह्मण मुलाने ख्रिस्ती घरात राहावे, याची त्या काळी केवढी चर्चा झाली असेल याची कल्पना करता येते. त्याला ख्रिस्ती करून घेण्याचा प्रश्न मात्र त्या घरात कधी निर्णायक ठरला नाही. बालकवी आले तसेच राहिले.

१९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन टिळकांकडे आले. मिशनच्या व्यवस्थेविषयी त्यांच्या मनात साचलेली अस्वस्थता याच काळात वाढत गेली. मिशनऱ्यांवर त्यांचे प्रेम होते, ह्यूम आणि अ‍ॅबट यांच्याविषयी आदर होता. पण पगार देणारा साहेब आणि पगार घेणारा देशी सेवक असे नाते असेतोवर येथील चर्च स्वतःच्या पायांवर उभे राहणार नाही आणि शेजारचा हिंदू माणूस त्याच्याकडे परक्यांची वसाहत म्हणूनच पाहणार, असे त्यांचे मत ठाम होत गेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीचा राजीनामा दिला. वय पंचावन्न, शिल्लक काही नाही. संन्याशाच्या वृत्तीने राहायचे ठरवून त्यांनी साताऱ्याला मुक्काम हलवला.

साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या कुणालाही या दरबारात जागा होती, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. चर्चची चौकट मोडणारीच ही कल्पना होती. संघटना म्हणून ती फार रुजली नाही, आणि त्यात नवल नाही. टिळकांना माणसे जोडता येत, पण त्यांची व्यवस्था लावणे हा त्यांचा प्रांत कधीच नव्हता. शिवाय वेळही थोडा उरला होता. १९१८ च्या मे महिन्यात बालकवी भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. त्यानंतर सुमारे एका वर्षाने, ९ मे १९१९ रोजी, टिळकांनी मुंबईत अखेरचा श्वास घेतला. मृत्यूनंतर आपल्या देहाचे या देशाच्या रीतीप्रमाणे दहन व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. दफनाची प्रथा असलेल्या समाजात तिचा मान राखला गेला आणि रक्षा नगरला नेण्यात आली.

टिळकांनी आयुष्याच्या उत्तरार्धात 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतले होते. दहा अध्याय पुरे झाले, अकरावा अर्धवट राहिला. तो पुढे नेला लक्ष्मीबाईंनी. जोडाक्षरे लिहिताना ज्यांची अडखळ होई, शाळेचे तोंड ज्यांनी पाहिले नव्हते, त्यांनी चौसष्ट अध्याय रचून ग्रंथ पूर्ण केला. मुलगा देवदत्त वडिलांच्या चरित्रासाठी साधने जमवीत होता. त्याने आईला आठवणी लिहून मागितल्या आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' उतरली. पहिला भाग १९३४ मध्ये निघाला. दोन वर्षांनी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, लक्ष्मीबाई गेल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलेले पाहायला त्याही उरल्या नाहीत. ते १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले.