विवेकाची कसोटी : गोपाळ गणेश आगरकर

एखादी गोष्ट योग्य की अयोग्य, हे कशावरून ठरवावे? पूर्वजांनी केली म्हणून ती योग्य, शास्त्रात सांगितली म्हणून योग्य, की चार लोक करतात म्हणून योग्य? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात या प्रश्नाचा सर्वांत निर्भयपणे विचार ज्यांनी केला, त्यांत गोपाळ गणेश आगरकर यांचे नाव अग्रभागी आहे.

आगरकरांचा जन्म १८५६ साली कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची होती. शिक्षणासाठी त्यांना कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण करावी लागली. मिळेल ते काम करून पोट भरावे लागले. पुढे ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. तेथे अंगावरचा एकुलता एक सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालीत, असे सांगतात. अशा मुलाने एम.ए. झाल्यावर मोठ्या पगाराची सरकारी नोकरी धरावी आणि घरचे दैन्य फेडावे, अशी आईची अपेक्षा असणे अगदी स्वाभाविक होते. परंतु आगरकरांनी आईला पत्र लिहून कळविले, की पोटापुरत्या मिळकतीवर संतोष मानून आपण सर्व वेळ लोकहितासाठी वेचणार आहोत. हे पत्र लिहिताना त्यांना किती यातना झाल्या असतील, याची कल्पना गरिबी भोगलेल्यांनाच येईल.

बाळ गंगाधर टिळक हे कॉलेजातील त्यांचे स्नेही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर लवकरच सामील झाले, आणि १८८१ साली निघालेल्या ‘केसरी’चे पहिले संपादकही तेच. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेल्या मजकुरावरून १८८२ साली दोघा मित्रांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तुरुंगातील हालअपेष्टांनी त्यांची मैत्री तुटली नाही. ती तुटली पुढे, विचारांच्या भेदाने.

आगरकरांवर मिल्ल व स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांचा खोल परिणाम झाला होता. नीती ही ईश्वराने किंवा धर्मग्रंथाने घालून दिलेली नसून माणसे एकत्र राहू लागली तेव्हा त्यांच्या गरजांतून आणि अनुभवातून ती वाढत गेली, असे त्यांचे मत होते. म्हणून तिचा पाया श्रद्धा नव्हे, तर विवेक. ज्या आचाराने माणसांचे सुख वाढते व दुःख कमी होते, तो आचार चांगला. ज्याने दुःखच वाढते, तो कितीही जुना असला तरी त्याज्य. या माणसांत स्त्रियाही आल्या. ही गोष्ट आज साधी वाटते, पण त्या काळी तिनेच सर्वाधिक खळबळ उडविली. विधवेचे केशवपन केल्याने कोणाचे सुख वाढते? मुलगी समजत्या वयाची होण्याआधीच तिचे लग्न लावून कोणाचे कल्याण होते? मुलामुलींना सारखेच शिक्षण का देऊ नये? असे प्रश्न ते एकामागून एक विचारीत गेले. स्त्रियांनी जाकिटे घालावीत की नाही, हा विषयही त्यांना लेखणी उचलण्यास क्षुल्लक वाटला नाही.

मतभेद वाढल्यामुळे १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला व १८८८ साली ‘सुधारक’ हे पत्र काढले. त्याच्या इंग्रजी भागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी उचलली.

खरा कस लागला तो संमतिवयाच्या विधेयकावेळी. १८९१ सालच्या या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेले. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती आणि पारतंत्र्यात तिला वजन होते. आगरकरांचे म्हणणे असे, की जेथे समाज स्वतःहून एका बालिकेचे रक्षण करीत नाही, तेथे कायद्याने ते करावे. कायदा कोणी केला यापेक्षा यातना कोणाला होतात हे अधिक महत्त्वाचे. दोन निःस्वार्थी देशभक्त एकाच प्रश्नावर परस्परांविरुद्ध उभे ठाकले.

लोकक्षोभ एवढा वाढला, की पुण्यातील सनातन्यांनी आगरकरांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. आगरकर डगमगले नाहीत. मात्र जे मत लोकांसमोर इतक्या आग्रहाने मांडले, ते त्यांनी घरात सक्तीने लादले नाही. पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या, आणि त्यांच्या व्रतवैकल्यांना त्यांनी आडकाठी केली नाही. ज्याने त्याने स्वतःच्या बुद्धीने पटवून घ्यावे, हे तत्त्व मानणाऱ्याला दुसरा मार्गही नव्हता.

१८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते, तरी शिकविणे व लिहिणे चालूच होते. १७ जून १८९५ रोजी, वयाची एकोणचाळीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. ‘केसरी’तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.