शंकर बाळकृष्ण दीक्षित

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ समुद्रकाठी मुरूड नावाचे गाव आहे. जंजिऱ्याजवळचे मुरूड ते निराळे. नारळीपोफळींच्या आगरांत वसलेल्या या गावी १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपणही याच गावी गेले.

पुढे शंकरराव पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि शिक्षक झाले. ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा निरनिराळ्या ठिकाणी त्यांनी अध्यापन केले. शाळेचे काम सांभाळून उरलेला वेळ ते ज्योतिषाला देत. ज्योतिष म्हणजे येथे भविष्यकथन नव्हे, तर ग्रहताऱ्यांच्या गतीचे गणित. त्यांच्यापाशी वेधशाळा नव्हती. परंतु ग्रंथात लिहिलेले आकाशाशी ताडून पाहावे, ही त्यांच्या बुद्धीची धारणा होती.

त्या काळी बहुतेक पंचांगे १५२० साली रचलेल्या ग्रहलाघव या ग्रंथावरून होत असत. साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साचल्या होत्या. पंचांगातील ग्रहणाची वेळ व प्रत्यक्ष ग्रहण यांत अंतर पडे. सूर्य उत्तरेकडे वळतो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस. पंचांगातील मकरसंक्रांत मात्र त्यानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येई. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक यांच्या साहाय्याने दीक्षितांनी ऋतूंशी जुळणारे सायन पंचांग पुरस्कारिले. सण आणि व्रते ज्या दिवसांशी निगडित होती, ते दिवसच यामुळे बदलणार होते. म्हणून हे पंचांग फार थोड्यांनी स्वीकारले. तरीही दीक्षितांनी आपले मत सोडले नाही.

सामान्य माणसाला आकाशाची ओळख असल्यावाचून असे वाद मिटणार नाहीत, हे उघड होते. दीक्षितांनी सुबोध मराठीत ज्योतिर्विलास हे पुस्तक लिहिले. रात्रीची दोन घटका मौज, असे त्याचे दुसरे नाव. अंगणात उभे राहून तारे ओळखण्याचा आनंद या पुस्तकाने मराठी वाचकांना दिला.

अशा ओळखीचे मोल किती असते, हे त्याच सुमारास दूर स्कॉटलंडमध्ये दिसून आले. १८९२ च्या जानेवारीत एडिंबरा येथील अँडरसन नावाच्या हौशी निरीक्षकाला सारथी तारकासमूहात एक तारा दिसला. दोनतीन दिवस तो त्याला तेथील नेहमीचाच तारा समजत होता. पुढे लहानशी दुर्बीण व ताऱ्यांचा नकाशा घेऊन त्याने पडताळा पाहिला, तेव्हा त्या जागी असा तारा नकाशात नाही, हे त्याच्या ध्यानी आले. तो नवतारा होता! अँडरसनने भीतभीत, नाव न घालता, एक कार्ड तेथील वेधशाळेला पाठविले आणि मोठमोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या.

नवतारा खरोखर नवा जन्मलेला नसतो. एक लहान पण अतिशय घन असा श्वेत बटू तारा आपल्या जोडीदार ताऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू पृष्ठभागावर साचून भडकला, की पूर्वी न दिसणारा तारा एकाएकी तेजस्वी होतो. तारा स्वतःच फुटला, तर तो याहून कितीतरी प्रखर अतिनवतारा होय. पण दोन्ही ओळखावयाचे, तर आधी जुने तारे पाठ हवेत. ज्याला जुने आकाश ठाऊक नाही, त्याच्या डोळ्यांसमोर नवा तारा आला, तरी तो कळत नाही.

१८९६ साली दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा थोर ग्रंथ प्रसिद्ध झाला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, असे सांगितले आहे. आज मात्र कृत्तिका पूर्वेच्या बऱ्याच उत्तरेस उगवतात. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा सावकाश डोलतो, म्हणून हा फरक पडतो. कृत्तिका नेमक्या पूर्वेस केव्हा उगवत असतील, याचे दीक्षितांनी गणित केले. ते वचन सुमारे ५००० वर्षांपूर्वीचे असावे, असा त्यांनी निष्कर्ष काढला. त्याच वर्षी रॉबर्ट सिवेल यांच्यासह त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध केला.

१८९८ साली, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, दीक्षितांचे निधन झाले. १९५७ साली भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिचे वर्ष ऋतूंशी जोडलेले, म्हणजे सायनच आहे. नवतारे शोधणारे हौशी निरीक्षक आजही जगभर आहेत. त्यांच्या हाती आता कॅमेरे आले. परंतु आज दिसलेले आकाश पूर्वीच्या आकाशाशी ताडून पाहणे, हे त्यांचे काम बदललेले नाही. दीक्षितांनी आपल्या लोकांना तीच सवय लावण्यासाठी जन्मभर लेखणी झिजविली.