शेणाच्या लेपाचे मानकरी : विल्यम फोर्सिथ

जुन्या आंब्याची किंवा चिकूची भारी छाटणी केली, की कापलेल्या जागी काय लावायचे हा प्रश्न हमखास येतो. याच प्रश्नावर सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला होता. वादाच्या मध्यभागी होते राजाच्या बागांचे प्रमुख माळी विल्यम फोर्सिथ. पिवळ्या फुलांच्या फोर्सिथिया झुडपाला त्यांचेच नाव आहे.

फोर्सिथ यांचा जन्म १७३७ मध्ये स्कॉटलंडमधील ओल्डमेल्ड्रम येथे झाला. लंडनमधील चेल्सीच्या औषधी वनस्पती उद्यानात ते फिलिप मिलर यांच्या हाताखाली शिकले आणि १७७१ मध्ये त्यांच्याच जागी प्रमुख झाले. १७८४ मध्ये केन्सिंग्टन व सेंट जेम्स राजवाड्यांच्या बागा त्यांच्याकडे आल्या. केन्सिंग्टनमधली बरीच फळझाडे म्हातारी होती. खोडे पोकळ, फांद्या वाळलेल्या, फळ नावापुरते. ती उपटून नवी लावणे सोपे होते. फोर्सिथ यांनी मात्र जुन्या झाडांवरच काम सुरू केले.

सडलेला भाग ते निरोगी लाकूड लागेपर्यंत खरवडून काढत, जखमेच्या कडा गुळगुळीत करत आणि फांद्या बऱ्याच खाली छाटत. मग लेप. ताजे शेण एक माप, जुन्या इमारतींच्या गिलाव्याचा चुना अर्धे माप, लाकडाची राख अर्धे माप आणि थोडी बारीक वाळू. पुढे गोमूत्रासारखे मूत्र व साबणाचे पाणी घालून ते हा लेप पातळ करू लागले, म्हणजे ब्रशने लावता येई. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही.

झाडे फुटली, फळे आली. त्या काळी आरमाराची जहाजे ओक लाकडाची असत, त्यामुळे पोकळ झाडांचे लाकूड वाचेल या आशेने सरकारनेही लक्ष घातले. फोर्सिथ यांना लेपाची कृती जाहीर करण्यासाठी १,५०० पौंड मिळाले आणि १७९१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले.

थॉमस अँड्र्यू नाइट या फळशास्त्रज्ञाला हे पटले नाही. लेपाच्या गुणाविषयी शंका घेणारी पुस्तिका त्यांनी १८०२ मध्ये छापली. मार्च १८०४ मध्ये लंडनच्या उद्यानविद्या संस्थेची स्थापना करणाऱ्या सात जणांत फोर्सिथ होते. त्याच वर्षी जुलैमध्ये ते वारले. पुढे त्या संस्थेचे अध्यक्षपद दीर्घकाळ नाइट यांनी सांभाळले.

लेपाबाबत नाइट यांची शंका योग्य होती. पण फोर्सिथ यांची झाडे फुटली हेही खरे, आणि त्याचे श्रेय छाटणीला जाते. वरचा विस्तार कमी झाला तरी मुळे तेवढीच राहतात. मुळांत व खोडात साठलेले अन्न थोड्या जागी मिळते आणि सालीखालचे सुप्त डोळे जागे होतात. जखम मात्र आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. विसाव्या शतकात अमेरिकेच्या वन विभागातील ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून दाखवले, की झाड कुजलेला भाग आतून भिंत घालून वेगळा करते आणि नवे लाकूड कडेने त्यावर चढते. आतली कूज कोणत्याही लेपाने थांबत नाही.

म्हणून छाटणीनंतर बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) लावावी ती ताज्या कापावर बुरशी बसू नये एवढ्यासाठी. काप तिरका, गुळगुळीत आणि साल न फाटता घेणे हे लेपापेक्षा महत्त्वाचे. पोकळी दिसली तर निरोगी लाकूड खरवडू नये. झाडाने घातलेली भिंत त्यात फुटते. फुटव्यांची गर्दी झाली, की बाहेरच्या बाजूला वाढणारे जोमदार फुटवे ठेवून बाकीचे कोवळे असतानाच काढावेत आणि खोडकिड्याच्या भुशासाठी खोड अधूनमधून पाहत राहावे.