आनंदीबाई जोशी, फिलाडेल्फियाची सावली आणि व्हिटॅमिन डी

३१ मार्च २०१८ ला गुगल उघडलं असेल, तर साडी नेसलेल्या, हातात पदवीचा कागद धरलेल्या एका मुलीचं डूडल पाहिलेलं आठवत असेल. ती होती डॉ. आनंदीबाई जोशी. शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी ती तर शेजारचीच. मुरबाडहून निघालेली एसटी जिथे टेकते, त्या कल्याणातलं तिचं घर. आज तिची गोष्ट सांगतो, आणि तिच्याच गोष्टीतून व्हिटॅमिन डी समजून घेऊ. व्हॉट्सॲपवर या व्हिटॅमिनबद्दल काहीही फिरत असतं, म्हणून हे गरजेचं आहे.

यमुनेची आनंदी झाली

जन्म ३१ मार्च १८६५. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं, ते वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशींशी. ते पोस्टात कारकून. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट; आणि तो कधीकधी फार कडक व्हायचा. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, पण तो दहाच दिवस जगला. त्या काळी बाईने पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही आणि बाई डॉक्टर तर मिळायचीच नाही. आपण डॉक्टर व्हायचं, हे तिने तिथेच पक्कं केलं.

गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या. अलिबाग, कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. बंगालात असतानाच तिची तब्येत बिघडायला लागली होती. डोकेदुखी, अधूनमधून ताप, दम लागणं. तरीही ७ एप्रिल १८८३ ला ती कलकत्त्याहून बोटीत बसली. नवरा सोबत नव्हता. वय होतं १८. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा घ्यायला आल्या थिओडिसिया कार्पेंटर. या बाईंशी आधी फक्त पत्रांतून ओळख होती. पुढे ती अगदी मावशी-भाचीसारखी झाली.

तीन हिवाळे

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. थंडी कडाक्याची, जेवण शुद्ध शाकाहारी, खोलीतली शेकोटी धूर करणारी. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून तिने गुजराती पद्धतीची साडी नेसायला सुरुवात केली.

आता इथे थोडं विज्ञान. आपल्या त्वचेत एक कोलेस्टेरॉलसारखा पदार्थ असतो. उन्हातले यूव्ही-बी किरण त्याच्यावर पडले की त्याचं व्हिटॅमिन डी होतं. मग यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. त्याचं मुख्य काम म्हणजे अन्नातलं कॅल्शियम शरीरात ओढून घेणं. ते कमी पडलं तर मुलांना मुडदूस होतो, मोठ्यांची हाडं ठिसूळ होतात, दुखतात.

पण सूर्य खाली असला की यूव्ही-बी हवेतच गळून जातात. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे सावली. सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान असेल, तर व्हिटॅमिन डी बऱ्यापैकी बनतं. शहापुरात डिसेंबरमध्येही भर दुपारी सावली उंचीपेक्षा जराशी लहानच पडते. फिलाडेल्फियात त्याच दिवशी, त्याच वेळी ती उंचीच्या दुप्पट! आनंदीबाईंनी असे तीन हिवाळे काढले. अंगभर कपडे, आहारात मासे-अंडी नाहीत. डी कमी पडलं असण्याची शक्यता मोठी. पण तेव्हा ते मोजणार कोण? व्हिटॅमिन डीला हे नावच १९२२ मध्ये मिळालं.

पदवी, आणि शेवट

११ मार्च १८८६ ला ती एम.डी. झाली. पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचं प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून नेमणूकही झाली. पण क्षयाने, म्हणजे टीबीने, तिला गाठलं होतं. १८८६ च्या अखेरीस ती परत आली. कोल्हापूरचं काम सुरू झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात ती गेली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. तिची रक्षा कार्पेंटरबाईंकडे गेली आणि न्यूयॉर्क राज्यात पकिप्सीला त्यांच्या घरच्या दफनभूमीत ठेवली गेली.

डीच्या गोळीने ती वाचली असती का?

खरं उत्तर: नाही. टीबीचा जंतू कॉखने १८८२ मध्ये शोधला होता, पण त्याला मारणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, आलं १९४३ मध्ये. डीचा आणि टीबीचा संबंध आहे, हे खरं. आपल्या पांढऱ्या पेशी डीच्या मदतीने जंतूंशी लढणारं एक प्रथिन बनवतात. म्हणून मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला. अर्ध्यांना डी, अर्ध्यांना नकली गोळी. २०२० मध्ये निकाल आला: टीबीचा संसर्ग डीमुळे कमी झाला नाही. उलट झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना धान्य, डाळ असा पूर्ण पोषक शिधा दिला, तर त्या घरांत नवे टीबी रुग्ण साधारण ४० टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे एक गोळी नाही, भरलेलं ताट कामी आलं.

मग आपण काय करायचं?

- सकाळचं कोवळं ऊन छान वाटतं, पण सावली लांब असताना डी फारसं बनत नाही. सावली लहान झाल्यावर थोडा वेळ हातपाय उघडे ठेवा. एप्रिल-मेमध्ये मात्र भाजेपर्यंत उभं राहू नका.
- काचेतून यूव्ही-बी येत नाहीत. आसनगावहून पहाटेची लोकल, दिवसभर ऑफिस, रात्री घर, असं असेल तर ऊन मिळतच नाही.
- फोनचा लाइट सेन्सर यूव्ही मोजत नाही. हवामानाच्या ॲपमधला यूव्ही इंडेक्स बघा.
- बांगडा, अंड्याचा बलक यांत डी असतं. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सहसा आठवड्याला एक देतात. ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर बेतू शकतं.
- दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, वजन घटत असेल, तर ऊन आणि गोळ्यांच्या नादी लागू नका. सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी आणि औषधं फुकट आहेत. माहितीसाठी १८००-११-६६६६ ही हेल्पलाइन आणि टीबी आरोग्य साथी ॲप आहे.

आनंदीबाईंकडे यातलं काहीच नव्हतं. आपल्याकडे आहे, तेही खिशातल्या फोनमध्ये. घरात कोणी खोकत असेल, तर हा लेख फॉरवर्ड करण्याआधी तो नंबर लावा.