आंद्रेआस श्टील
आंद्रेआस श्टील (१० नोव्हेंबर, १८९६:झुरिक, स्वित्झर्लंड - १४ जानेवारी, १९७३) हे जर्मन अभियंता, संशोधक आणि उद्योजक होते. जंगलात वापरल्या जाणाऱ्या यांत्रिक साखळी करवतीच्या, म्हणजेच चेनसॉच्या, विकासात त्यांचा मोठा वाटा आहे. त्यांनी १९२६ मध्ये श्टुटगार्ट येथे स्थापन केलेली कंपनी आज श्टील या नावाने ओळखली जाते.

पार्श्वभूमी
विसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील वृक्षतोड मुख्यतः कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढायची करवत यांवर अवलंबून होती. लाकूड कापण्याच्या गिरण्यांत वाफेवर व विजेवर चालणारी यंत्रे आली होती. परंतु ती एका जागी बसवलेली असल्याने ओंडका यंत्रापर्यंत वाहून न्यावा लागे. झाड पाडणे, फांद्या छाटणे आणि बुंध्याचे तुकडे करणे ही सर्वांत कष्टाची कामे हातानेच होत असत. करवत झाडापर्यंत नेता येईल असे यंत्र बनवणे हे श्टील यांच्या कार्याचे मुख्य सूत्र राहिले.

साखळीला दात बसवण्याची कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. जर्मन वैद्य बर्नहार्ड हाइने यांनी १८३० च्या सुमारास हाड कापण्यासाठी हाताने फिरवायचे साखळीचे उपकरण तयार केले होते.

कारकीर्द
यांत्रिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतल्यानंतर श्टील यांनी श्टुटगार्ट येथे व्यवसाय सुरू केला. आरंभी त्यांची कंपनी बाष्पकांसाठी लागणारी ज्वलन उपकरणे आणि कपडे धुण्याची यंत्रे बनवत असे. १९२६ मध्ये त्यांनी विजेवर चालणारी पहिली साखळी करवत तयार केली. तिचे वजन सुमारे ६४ किलोग्रॅम होते व ती चालवण्यास दोन माणसे लागत. विजेची तार जेथवर पोहोचेल तेथवरच ती उपयोगी होती, म्हणून दाट जंगलात तिचा वापर मर्यादित राहिला.

ही अडचण पेट्रोल इंजिनाने दूर झाली. १९२९ मध्ये श्टील यांनी ६ अश्वशक्तीची, सुमारे ४६ किलोग्रॅम वजनाची पेट्रोल करवत बाजारात आणली. त्यापूर्वी १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगिया प्रदेशातील डोलमार डोंगरावर आपल्या पेट्रोल करवतीची चाचणी घेतली होती. त्यामुळे श्टील यांना चेनसॉचे जनक म्हटले जात असले, तरी या शोधाचे श्रेय एकाच व्यक्तीला देता येत नाही. साखळीला आपोआप तेल मिळण्याची सोय आणि इंजिन मंद चालत असताना साखळी थांबवणारा केंद्रोत्सारी क्लच या सुधारणा कंपनीने पुढील काळात केल्या.

नाझी काळ आणि दुसरे महायुद्ध
श्टील हे नाझी पक्षाचे तसेच एसएस या संघटनेचे सदस्य होते. युद्धकाळातील बाँबहल्ल्यांत कान्श्टाट येथील कारखान्याची हानी झाल्यावर उत्पादन वाइब्लिंगेनजवळील नॉयश्टाट येथे हलवण्यात आले. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी श्टील यांना स्थानबद्ध केले होते. सुटकेनंतर त्यांनी पुन्हा कंपनीचे नेतृत्व केले. या काळात कंपनीने शेतीसाठी ट्रॅक्टरही बनवले.

एका माणसाची करवत
१९५० मध्ये कंपनीने बीएल ही एका माणसाला चालवता येणारी पेट्रोल करवत आणली. तिचे वजन सुमारे १६ किलोग्रॅम होते. १९५४ मधील बीएलके हे प्रारूप सुमारे ११ किलोग्रॅमचे होते. १९५९ मध्ये आलेल्या कॉन्ट्रा या करवतीत दंतचक्रांची पेटी काढून टाकून साखळी थेट इंजिनाच्या गतीने फिरवण्यात आली. तिची शक्ती ६ अश्वशक्ती, म्हणजे १९२९ च्या करवतीइतकीच होती. वजन मात्र सुमारे १२ किलोग्रॅम होते. तीस वर्षांत तेवढ्याच शक्तीसाठी उचलावे लागणारे वजन जवळजवळ एक-चतुर्थांशावर आले आणि दोघांचे काम एकाच्या हाती आले. कॉन्ट्रामुळे कंपनीला जगभर बाजारपेठ मिळाली.

कार्ब्युरेटरची समस्या
हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करणे हे कार्ब्युरेटरचे काम असते. जुन्या कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची पातळी तरंगत्या गोळ्याने राखली जात असल्याने तो सरळ उभाच ठेवावा लागे. उभे झाड पाडताना करवतीचे पाते आडवे, तर पडलेला बुंधा तोडताना उभे धरावे लागते. म्हणून बीएल करवतीत कार्ब्युरेटर फिरवून सरळ करता येण्याची योजना होती. पुढे लवचीक पडद्यावर चालणारा कार्ब्युरेटर आला आणि करवत कोणत्याही कोनात धरून चालवणे शक्य झाले.

या बदलामुळे चेनसॉने जंगलातच फळ्या पाडण्याचा मार्गही खुला झाला. या पद्धतीत पात्याला धातूची चौकट बसवून ती आडव्या ओंडक्यावरून सरकवली जाते व त्या वेळी इंजिन कुशीवर असते. लाकूड तंतूंच्या दिशेने चिरावे लागत असल्याने दातांना नेहमीपेक्षा निराळी धार दिली जाते. ओंडक्याच्या संपूर्ण लांबीभर इंजिन पूर्ण भाराखाली चालते. मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यास इंजिन तापते. शिवाय द्विआघाती इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच मिसळलेले असल्याने तेही कमी पडते आणि दट्ट्या सिलिंडरमध्ये अडकू शकतो. त्यामुळे अनुभवी कारागीर फळ्या पाडण्यापूर्वी स्क्रू फिरवून मिश्रणातील पेट्रोल किंचित वाढवत असत.

श्टील यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी स्वयंसमायोजित कार्ब्युरेटर आले. श्टीलच्या एम-ट्रॉनिक आणि हुस्कवार्नाच्या ऑटोट्यून या प्रणालींत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक इंजिनाच्या फेऱ्यांचा अंदाज घेऊन विद्युत झडपेद्वारे इंधन कमी-अधिक करतो. उंचीवरील विरळ हवा, तापमान किंवा हळूहळू तुंबणारी हवेची गाळणी यांनुसार मिश्रण आपोआप बदलते. मात्र दात बोथट झाल्याने किंवा सततच्या भाराने वाढणारी उष्णता या प्रणालींनी टळत नाही. त्यामुळे फळ्या पाडताना वारंवार धार लावणे, गाळणी स्वच्छ ठेवणे आणि कापणी संपल्यावर इंजिन थोडा वेळ मंद चालवून निववणे आवश्यकच राहते.

मृत्यू आणि वारसा
कंपनीची करवत १९७१ मध्ये जगातील सर्वाधिक विक्रीची चेनसॉ ठरली. १४ जानेवारी, १९७३ रोजी श्टील यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र हान्स पेटर श्टील यांनी कंपनीची सूत्रे हाती घेतली. कन्या एफा मायर-श्टील यांचाही व्यवस्थापनात महत्त्वाचा सहभाग होता. चेनसॉमुळे वनकामगारांचे ओढणीचे कष्ट घटले. त्याच वेळी वृक्षतोडीचा वेगही वाढला, तसेच यंत्राचा आवाज, कंप आणि पाते अचानक उसळल्याने होणाऱ्या इजा हे नवे धोके निर्माण झाले. कंप शोषणारी मूठ, साखळीचा ब्रेक अशी सुरक्षा साधने त्यामुळेच विकसित करावी लागली. कंपनीचे मुख्यालय वाइब्लिंगेन येथे असून तिची मालकी श्टील कुटुंबाकडे आहे.