मुंबईच्या गिरण्यांना कोळशापासून सोडवायला निघालेले जमशेटजी टाटा

कुरुंदवाडला आजही रेल्वे नाही, गाडी पकडायची तर जयसिंगपूर किंवा मिरज गाठायचं. पण गावात बल्ब लागतो त्यामागे राज्यभर धावणाऱ्या मालगाड्या असतात. चंद्रपूर, कोराडीला कोळशाच्या वाघिणी रिकाम्या होतात, तिथली वीज कोयनेच्या विजेबरोबर तारांच्या एकाच जाळ्यात येते.

या कोळशाच्या वाहतुकीचं गणित महाराष्ट्रात फार आधी मांडलं ते जमशेटजी टाटांनी.

जन्म ३ मार्च १८३९, नवसारीचा. मुंबईचे व्यापारी कापड गिरणी काढायची तर मुंबईतच काढत. जमशेटजींनी मात्र नागपूर निवडलं. लोकांना हा वेडेपणा वाटला. पण कापूस वऱ्हाडात, कोळसा वरोऱ्याला आणि रेल्वे १८६७ पासून नागपुरात. १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली आणि तिने बक्कळ पैसा मिळवून दिला.

मुंबईचं दुखणं नेमकं उलटं होतं. गिरण्या वाफेवर चालायच्या आणि जवळपास खाण नाही. बंगाल-झरियाचा कोळसा एक तर रेल्वेने अख्खा देश ओलांडून यायचा, नाहीतर कलकत्त्याहून बोटीने. परदेशातूनही यायचा. म्हणजे खाणीपाशी स्वस्त असलेला माल गिरणीच्या दारात महाग. त्यात धुराड्यांचा धूर गिरणगावातल्या कामगारांच्या छातीत.

वाफेऐवजी वीज वापरायची म्हटलं, तरी ती कोळशावरच करायची तर भाडं चुकत नव्हतं. डेव्हिड गॉसलिंग या मुंबईतल्या आर्किटेक्टच्या डोक्यात वेगळी कल्पना होती. लोणावळ्याला धो धो पाऊस पडतो आणि खाली खोपोलीपर्यंत सरळ कडा. मग ते पाणी पाइपातून सोडून टर्बाइन का फिरवू नये? अडचण एकच, पाऊस चार महिने आणि गिरणी बारा महिने. म्हणून घाटमाथ्यावर धरणं बांधून पाणी साठवायचं. जमशेटजींनी ही योजना उचलून धरली.

पण ती बघायला ते राहिले नाहीत. १९ मे १९०४ ला जर्मनीत त्यांचं निधन झालं. पुढचं काम मुलगा दोराबजींनी नेलं. १९१० मध्ये कंपनी निघाली, संस्थानिकांनी आणि व्यापाऱ्यांनी पैसे घातले. १९१५ मध्ये ५०० मीटरहून उंचावरून पडणाऱ्या पाण्याने खोपोलीत वीज तयार झाली आणि सुमारे ७० किलोमीटर तारांतून मुंबईच्या गिरण्यांत पोचली. वाघीण नाही, हमाल नाही, राख नाही.

फुकट मात्र काहीच नव्हतं. पुढच्या मुळशी धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. कोळशाच्या भाड्यातून मुंबई सुटली, ते भाडं भाताची खाचरं बुडालेल्या माणसांनी भरलं. जमशेटजींच्या चरित्रांत हे पान सहसा येत नाही, कारण ते त्यांच्या मागून घडलं.

पाण्याची वीजही शेवटी कमीच पडली. १९५६ मध्ये टाटांच्याच वीज कंपनीने तुर्भ्याला इंधन जाळून चालणारं औष्णिक केंद्र सुरू केलं. पुढे राज्याने कोराडी आणि चंद्रपूर उभं केलं, तेही खाणींच्या जवळ. नागपूरला गिरणी काढताना जमशेटजींनी हाच हिशेब केला होता.