ज्यांना बसता येत नव्हते, त्यांची सायकलयात्रा

ज्या माणसाला खुर्चीतसुद्धा धड बसता येत नाही, त्याने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलयात्रा काढावी, हे ऐकायला विचित्र वाटते. पण तसे घडले आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे शंभराहून अधिक तरुण-तरुणींना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. अंतर सुमारे ५,००० किलोमीटर. तरुण मंडळी सायकलींवर होती. बाबांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती आणि मणक्याच्या दुखण्यामुळे त्यांना उभे राहणे किंवा आडवे पडणे एवढेच शक्य होते. म्हणून ते बरोबरच्या गाडीत आडवे पडून प्रवास करीत होते. या यात्रेचे नाव होते भारत जोडो.

आनंदवनाचे बाबा आमटे आपणा सर्वांना ठाऊक आहेत. शाळेच्या पुस्तकापासून ते आपल्याला भेटत आले आहेत. सायकलयात्रेचे बाबा मात्र त्या मानाने कमी ठाऊक आहेत आणि मला त्यांच्याविषयीच लिहायचे आहे. याला एक घरगुती कारण आहे. आमच्या घरात सायकल ही हौसेची वस्तू कधीच नव्हती. माझे वडील मुलुंडमध्ये पेपरची लाइन टाकतात. पहाटे चारला गठ्ठे सोडायचे, पुरवण्या घालायच्या आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवून निघायचे. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिक्षणाचा आमच्याकडचा अर्थ सरळ आहे : मुलाने सायकलवरून उतरावे. त्यामुळे श्रमाची थोरवी सांगणारा कोणी भेटला की मी आधी त्याचे घराणे विचारतो. ज्याने कधी ओझे वाहिले नाही त्याला ओझ्याचे गोडवे गाणे सोपे जाते.

बाबांचे घराणे तर जहागीरदाराचे! मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला झाला. तरुणपणी त्यांच्याकडे स्वतःची स्पोर्ट्स मोटार होती. शिकारीचा नाद होता. इंग्रजी चित्रपटांचे तर इतके वेड की त्यांवर ते परीक्षणे लिहीत. पुढे ते वकील झाले आणि वरोऱ्याला वकिली करू लागले. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्यांचे खटले त्यांनी चालविले. इथपर्यंतची गोष्ट त्या काळच्या पुष्कळ सुखवस्तू देशभक्तांची आहे.

फरक पुढे पडतो. वरोऱ्याच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे जिणे जवळून कळावे म्हणून या वकिलाने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. एकदा रेल्वेत एका स्त्रीला छळणाऱ्या गोऱ्या सोजिरांशी ते एकटे भिडले. ती हकीकत ऐकून गांधीजींनी त्यांना अभयसाधक म्हटले. पण त्यानंतर पावसात भिजत रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा कुष्ठरोगी त्यांना दिसला आणि हा अभयसाधक घाबरून पळाला! पुढे ते परत गेले, त्याच्यावर आडोसा उभा केला, त्याला खाऊ घातले. तुळशीराम वाचला नाही. बाबांच्या चरित्रातले मला सर्वांत खरे वाटणारे पान हेच. आपण भितो हे त्यांना कळले आणि जिथे भीती वाटली तिथेच जन्म काढायचा असे त्यांनी ठरविले. १९४६ मध्ये लग्न होऊन आलेल्या साधनाताईंनी त्यांना साथ दिली.

१९४९ मध्ये कलकत्त्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगाच्या उपचाराचे शिक्षण घेतले आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर आनंदवन सुरू केले. सोबत सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि खिशात १४ रुपये. त्या सुमारास कुष्ठरोगावर गोळ्या आल्या होत्या. रोग थांबत होता, पण बरा झालेला माणूस घरी गेला तरी घर त्याला आत घेत नव्हते. म्हणजे औषधाने अर्धेच काम होत होते. उरलेले अर्धे बाबांनी कामावर सोपविले. बोटे झडलेल्या माणसांनी विहिरी खणल्या, शेते पिकविली. भीक मागण्याखेरीज ज्यांना जगाने दुसरे काही ठेवले नव्हते, ती माणसे धान्य आणि भाजी विकू लागली. माझी घराण्याची शंका इथे गळून पडते. हा माणूस श्रमाचे नुसते गोडवे गात नव्हता, ज्यांच्याकडून काम हिरावले गेले होते त्यांना तो ते परत देत होता. माझ्या वडिलांचे श्रम त्यांच्या गळ्यात पडलेले आहेत आणि आनंदवनातल्यांनी ते मिळवले, हा फरक मात्र मी विसरायला तयार नाही.

१९६७ मध्ये चंद्रपूरच्या जंगलात सोमनाथ प्रकल्प उभा राहिला. तिथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. कॉलेजची मुले उन्हाळ्यात येऊन माती उपसायची, बांध घालायची. सायकलयात्रेचे मूळ मला या छावणीत दिसते. छावणीत देश बाबांकडे येत होता, आता छावणीलाच चाके लावून देशात न्यायचे होते.

काळही तसाच होता. १९८४ मध्ये सुवर्णमंदिरातील लष्करी कारवाई, इंदिरा गांधींची हत्या आणि त्यानंतर दिल्लीत झालेले शिखांचे शिरकाण. जुलै १९८५ मध्ये पंजाब करार झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यावर सही करणारे संत लोंगोवाल मारले गेले. आसाम धुमसून नुकताच निवत होता. त्याच वर्षी बाबांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला होता. आता आराम केला असता तर कोणी नाव ठेवले नसते.

पण मग सायकलच का? मोटारीतून सभा घेत गेले असते तर प्रवास चौपट वेगाने झाला असता. मी वडिलांच्या सायकलवर सुट्टीत पेपर टाकले आहेत, त्यावरून मला वाटते ते सांगतो. सायकलवरचा माणूस रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असतो. त्याला तहान लागते, पाणी मागावे लागते. पंक्चर झाले की कोणाच्या तरी दारात थांबावे लागते आणि थांबले की कुठून आलात, हा प्रश्न येतोच. तमिळ न येणाऱ्या मुलाला तमिळ घरात पाणी मागावे लागले की राष्ट्रीय एकात्मतेचे भाषण वेगळे द्यावे लागत नाही. १९२३ मध्ये मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवरून जग पाहायला निघाले, त्यांपैकी तिघे १९२८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. ते धाडस मोठेच होते, पण ते स्वतः जग पाहायला गेले होते. बाबांच्या मुलांना लोकांनीही पाहावे, एवढ्यासाठी ती यात्रा होती. हात मागण्यासाठी नाहीत, मारण्यासाठी नाहीत, घडविण्यासाठी आहेत हे सांगत ती गेली.

आणि बाबा? त्या गाडीत पडून राहणे मला सायकल चालविण्यापेक्षा अवघड वाटते. सायकलस्वाराला खड्डा दिसतो, तो चुकवता येतो. पाठीचा कणा दुखावलेल्या, आडव्या पडलेल्या माणसाला खड्डा आधी लागतो आणि मग कळतो. असे ५,००० किलोमीटर.

देश जोडला गेला का, असे आमच्या वर्गातल्या एकाने मला विचारले. पंजाब त्यानंतर कित्येक वर्षे रक्तात भिजत राहिला. १९९२-९३ मध्ये आपल्याच मुंबईत दंगली झाल्या, उपनगरेही सुटली नाहीत. आमच्या चाळीत तमिळ, गुजराती, भय्या, मराठी अशी सगळी घरे एका नळावर पाणी भरतात आणि भाषेवरून भांडण निघाले की कोण कोणाचा, हे अजूनही पाच मिनिटांत ठरते. यात्रेने हे मिटले असे मी म्हणणार नाही. बाबांनाही ते एका फेरीत मिटेल असे वाटत नसावे. नाहीतर १९८८ मध्ये ते पुन्हा निघाले नसते. या वेळी देश आडवा ओलांडायचा होता : अरुणाचलातील इटानगरपासून गुजरातेतील ओख्यापर्यंत. अंतर पहिल्यापेक्षा जास्त, सोबत पुन्हा तरुण-तरुणींचा जथा आणि बाबांची पाठ तीच.

त्यानंतर १९९० मध्ये आनंदवन सोडून ते नर्मदेच्या काठी कसरावदला राहायला गेले, धरणात बुडणाऱ्या गावांच्या बाजूने. दहाएक वर्षांनी परतले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना अग्नी दिला गेला नाही. १९५१ मध्ये सहा रुग्णांसह ज्या जमिनीवर पहिली कुदळ मारली होती, त्याच आनंदवनाच्या मातीत त्यांना पुरण्यात आले.